पणजीतील दिवेलागणीनंतर

गोव्यास आलेला पाहुणा पहिल्या दिवशी जुन्या गोव्याची वाट विचारतो. दुसऱ्या दिवशी सायंकाळी, बायकामुले आतल्या खोलीत गेली आहेत अशी खात्री करून घेऊन, आवाज किंचित उतरवून तो विचारतो, "येथे बसायला चांगली जागा कुठली?" 'बसणे' या निरुपद्रवी मराठी क्रियापदाला हा दुसरा अर्थ केव्हा चिकटला हे भाषापंडित जाणोत, आम्हांला मात्र हा प्रश्न गेली वीसएक वर्षे सतत ऐकावा लागला आहे. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दशवार्षिक दर्शन झाले, तेव्हा तर आमचे घर म्हणजे धर्मशाळाच झाली होती. दर्शनाच्या रांगेत चार तास श्रद्धेने उभे राहिलेले सज्जन सायंकाळी हाच प्रश्न विचारीत. यात आम्हांला ढोंग दिसत नाही. गालीलातील काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजणांतील पाण्याचे काय झाले, हे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मात्र उत्तर द्यायचे तर ते नीट द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही मूळचे कोंढ्याचे. भंडारा जिल्ह्यातील पवनीकडचा तो मुलूख; धानाची बांधी, तळी आणि मोहाची झाडे यांचा. समुद्र आम्ही प्रथम पाहिला तो पोटापाण्यासाठी घर सोडल्यावर. त्यामुळे पणजीच्या रात्रीकडे आम्ही पाहतो ते झाडीपट्टीच्या डोळ्यांनी, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. आमच्याकडे रात्र म्हणजे दिवाळीनंतरची मंडई, दंडार, खडी गंमत आणि वडशाच्या कंपनीचे नाटक. तणसावर बसून, घोंगडी पांघरून, आबालवृद्धांनी उजाडेपर्यंत पाहायचे ते नाटक. त्या रात्रीत दारूही असे. पण ती कुंपणाआड, काळोखात, उभ्या उभ्या घशात ओतायची. कोंढ्याचा माणूस प्यायचा. 'बसत' मात्र नसे.

पणजीत आल्यावर आम्ही पहिल्यांदा तावेर्न पाहिले तेव्हा आमचा गोंधळ उडाला तो याचमुळे. साव तोमे आणि फोंतेन्यास या जुन्या वाड्यांत, टेकडीच्या पायथ्याशी, अरुंद गल्ल्यांतून हिंडताना एखादे अर्धे दार उघडे दिसते. आत दोनतीन मेजे, एक बाक, फळीवर बाटल्या, आणि भिंतीवर एखाद्या संताची तसबीर, तिच्यापुढे छोटासा विजेचा दिवा. मागच्या दारातून घरातले स्वयंपाकघर दिसते. दारूचे दुकान आणि देवाचा दिवा एका भिंतीला, हे आम्हांला पचायला वर्ष लागले. साव तोमेतील जोसेफ बार हे त्यांतले आज सर्वांत नावाजलेले. जागा इतकी चिमुकली, की अर्धे गिऱ्हाईक पेला हाती घेऊन गल्लीतच उभे असते. अलीकडे तेथे तरुण मंडळींची दाटी होते, जुन्यांना ते रुचत नाही. पण जुने दार बंद पडून तेथे भेटवस्तूंचे दुकान निघण्यापेक्षा ही दाटी बरी, असे आम्हांला वाटते. बाकीच्या तावेर्नांची नावे आम्ही मुद्दामच देत नाही. त्यांपैकी कित्येकांना पाटीही नाही, आणि ज्यांना शोधायची आहेत त्यांना ती पायी हिंडून सापडतात.

तावेर्नला वेळ असते, ही पहिली गोष्ट पाहुण्याने शिकावी. दुपारी जेवणानंतर ते मिटते, कारण मालकाला झोपायचे असते आणि त्या झोपेपुढे कोणाचे काही चालत नाही. उन्हे उतरल्यावर ते उघडते आणि रात्री शहर खऱ्या अर्थाने जागे होण्याआधीच बंदही होते. दुसरी गोष्ट, तेथे माणूस ओळखला जातो. आमच्या शेजारच्या गल्लीत फळीमागे एक वृद्ध बाई बसत असत. तिसरा पेला मागणाऱ्या एका सुताराला त्यांनी एकदा एवढेच सांगितले, "पुरो." तो मुकाट्याने पैसे ठेवून उठला. का उठला? कारण त्याच्या बायकोला त्या बाई रविवारी मिस्साला भेटणार होत्या. पोलिसांच्या कोणत्याही कायद्यात हे बळ आम्ही पाहिले नाही.

आता काय मागावे. मार्च ते मे या महिन्यांत आलात तर हुर्राक मागा. इतर दिवसांत कोणी हुर्राक देऊ केला तर शंका घ्या, कारण तो टिकत नाही. काजूची बोंडे दगडी कोळंबीत पायांनी तुडवितात, चोथा वेलीने बांधून वर दगड ठेवतात. त्यातून आपोआप पाझरतो तो नीरो, गोड आणि निष्पाप. तुडवून काढलेला रस तीनएक दिवस आंबवून भाटीवर चढविला की पहिल्या धारेचा निघतो तो हुर्राक, आणि त्यात पुन्हा रस घालून दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातन केले की फेणी. हुर्राक सौम्य, फेणी त्याच्या जवळजवळ तिप्पट जोराची. हा जोर 'ग्राव' या मापाने मोजतात आणि जुना भाटीवाला तो आकडा अभिमानाने सांगतो. हुर्राकमध्ये लिंबाचे पेय, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालतात. फेणीचा वास पहिल्यांदा असह्य वाटेल. नाक मुरडलेत तरी चालेल, तोंड मात्र मुरडू नका, कारण ती करणारा कदाचित शेजारच्याच मेजावर बसलेला असेल.

भाटीवरची ही खटपट पाहताना आमचे मन दर वेळी कोंढ्यास जाते. महिनेही तेच. इकडे काजूची बोंडे गळतात, तिकडे मोहफुले. पहाटे अंधार असतानाच बायका आणि पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फुले वाळवितात, काही खाण्यास ठेवतात, काही विकतात आणि काही आंबवितात. माणूस तोच, चूल तीच, धारही तशीच. परंतु काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा शासनाने तिला वारसा पेयाचा मान दिला. मोहाचे काय? १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात खुद्द फुलांसाठीच वेगळी कलमे आहेत. फूल बाळगणारी आदिवासी बाई त्यामुळे कायम धास्तीत. महाराष्ट्र शासनाने हे निर्बंध सैल केले ते २०२१ मध्ये. एका झाडाची दारू दिवाणखान्यात गेली आणि दुसऱ्याची कुंपणाआड राहिली, यात झाडाचा दोष नाही.

तथापि एवढेच लिहून थांबलो तर आमच्या वहिनी आम्हांला क्षमा करणार नाहीत. आमचे थोरले चुलतभाऊ मोहाच्या दारूने गेले, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, दोन एकर बांधी गहाण टाकून. त्या दारूला वारशाचा दर्जा मिळाला असता तर ते वाचले असते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. वैनगंगेच्या खालच्या अंगाला गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांनी, विशेषतः बायकांनी, लढून मिळविलेली. महाराष्ट्रात गावोगाव 'उभी बाटली, आडवी बाटली' असे मतदान होते तेव्हा आडव्या बाटलीमागे असेच एखादे एकेचाळिसावे वर्ष असते. आणि फेणीनेही माणसे जातातच. ज्या धर्मग्रामात सायंकाळी तावेर्न उघडते, तेथेच पॅरिशच्या एखाद्या खोलीत मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांची सभा भरलेली असते. कोकणीत अट्टल दारुड्याला 'बेबदो' म्हणतात. हिंदी चित्रपटांनी हा बेबदो उचलला आणि सगळ्या ख्रिस्ती समाजाच्या गळ्यात बांधला, ते दुखणे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. आमच्याकडे आलेला पाहुणाही अनेकदा तेच शोधीत येतो. आणि तावेर्नात शांतपणे वर्तमानपत्र वाचीत बसलेले दोन वृद्ध पाहून बिचारा हिरमुसतो.

त्याला मग आम्ही तियात्राला नेतो. पहिले तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी झाले ते गोव्यात नव्हे, तर मुंबईत, पोटासाठी घर सोडलेल्या गोवेकरांसमोर. हे कळले तेव्हापासून आम्हांला ते फारच आपले वाटू लागले. कांपालच्या कला अकादमीत किंवा अन्यत्र प्रयोग असला की अंकांच्या मधोमध जी 'कांतारां' गातात, त्यांत मंत्र्यांची जी धुलाई होते ती ऐकून आमच्या नाटककंपन्यांची आठवण येते. फरक एवढाच, की येथे माणसे दहाला घरी जातात. नाटक सुटल्यावर रस-ऑम्लेटचा गाडा गाठावा. अंड्याच्या पोळीवर कोंबडीचा तिखट रस्सा, वर चिरलेला कांदा, सोबत पाव. पणजीचे खरे रात्रजीवन या गाड्याभोवती असते. तेथे न्यायाधीश आणि रिक्षावाला एकाच कंदिलाखाली हात चाटताना दिसतात. कार्निव्हालच्या अखेरच्या रात्री, म्हणजे राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, क्लब नॅशनलचा तांबड्या-काळ्या पोशाखातला नाच असतो. तो मात्र बाहेरूनच पाहिलेला बरा. आमच्या पायांना तो जमत नाही.

राहिली ती मांडवीतली जहाजे. कायद्यात १९९६ साली दुरुस्ती झाली आणि पाण्यावरच्या जुगाराला वाट मिळाली. आज रात्री नदीकाठी उभे राहिले की चर्चच्या पायऱ्यांवरील दिव्यांपेक्षा कॅसिनोचे दिवे डोळ्यांत भरतात. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना तेथे जुगार खेळण्यास बंदी आहे. म्हणजे जे घरच्या माणसास अपायकारक ठरले, तेच पाहुण्यास आग्रहाने वाढायचे. आदरातिथ्याचा हा प्रकार आमच्या कोंढ्यात नाही. तेथे घड्याळ नाही, 'पुरो' म्हणणारे कोणी नाही, आणि तुमचे नाव कोणास ठाऊक नाही. कळंगुट आणि बागा येथील झगमगाटाविषयी आम्ही याहून अधिक काही सांगू शकत नाही. किनाऱ्यावर उघड्यावर पिणे व बाटल्या फोडणे २०१९ पासून दंडनीय आहे, एवढे पाहुण्याने लक्षात ठेवावे.

आमचा पुतण्या, त्याच थोरल्या भावांचा मुलगा, गेल्या पावसाळ्यात काम शोधीत आमच्याकडे आला. वय बावीस. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या रात्रीच्या क्लबात त्याला स्वयंपाकघरात जागा मिळत होती. पगार कोंढ्यातील कोणाही मास्तराच्या मुलाला भुरळ पडावी असा. आम्ही हो-नाही करीत असतानाच ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडे येथील एका नाइट क्लबला आग लागली. २५ माणसे गेली. त्यांत पर्यटक थोडे. बहुतेक तेथे काम करणारी, दूरदूरच्या प्रांतांतून आलेली पोरे. दुसऱ्या दिवशी पहाटेच वहिनींचा फोन आला. त्या रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, बाप दारू पिऊन गेला. पोरगा दुसऱ्याला पाजता पाजता जायला नको."

पाहुण्यांना आम्ही इतकी वर्षे रस्ते दाखवीत आलो, ते सारे पिणाऱ्याच्या बाजूचे होते. पेला भरणाऱ्याच्या, बशा विसळणाऱ्याच्या बाजूने ही रात्र केवढी लांब असते, हे वहिनींच्या त्या वाक्याने आमच्यापुढे मांडले. मागचे दार कोठे आहे, ते उघडते की नाही, रात्री दोनला सुटलेला पोरगा खोलीवर कसा जातो, हे प्रश्न आम्ही तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी विचारू लागलो. काही मालकांना ते आवडले नाहीत. पुतण्या आता पणजीतल्याच एका लहान खाणावळीत आहे. पगार निम्मा, अकराला घरी येतो आणि काकू त्याच्यासाठी जेवण झाकून ठेवते. तो खूश आहे असे म्हणवत नाही. बेतीच्या फेरीबोटीला पायी माणसाला तिकीट पडत नाही, म्हणून सुट्टीच्या संध्याकाळी तो उगाच मांडवी ओलांडून जातो आणि त्या दिव्यांच्या जहाजांजवळून परत येतो.

नाताळात तो कोंढ्यास जाऊन आला. वहिनींनी त्याच्यासोबत गेल्या उन्हाळ्यातली वाळलेली मोहफुले धाडली होती, लाडवांसाठी. त्यांतली मूठभर आम्ही गल्लीतल्या तावेर्नवाल्याला दाखवायला नेली. त्याने ती हुंगली, एक दाताखाली चावली, नीट विचार केला आणि आपल्या धंद्याला साजेसे विचारले, "हातूंतल्यान कितले ग्राव मेळटात?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमच्याकडे मोहाची दारू कोणी कधी मोजलीच नव्हती. पुतण्याने उरलेली फुले पुडीत बांधली आणि तिघे जेवायला घरी आलो.