बर्फातून निघालेली वाट

सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्कलकुवा तालुक्यात वसलेले खापर हे समुद्रापासून दूरचे गाव. बऱ्हाणपूरहून अंकलेश्वरकडे जाणारा महामार्ग येथून जातो, आणि गावाचे दळणवळण बहुतांशी त्याच्यावरच चालते. बर्फ मात्र या मुलखाला अगदीच परका नाही. याच तालुक्यातील डाब या डोंगराळ गावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत गवतावरील दव गोठते. पहाटे पांढरा थर दिसतो आणि ऊन वर चढताच तो नाहीसा होतो. त्याची कोणाला फारशी खंत वाटत नाही. उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रावरील बर्फाची गोष्ट निराळी आहे.

समुद्राचे पाणी खारे असल्यामुळे ते शून्य अंशाला गोठत नाही. त्याला उणे १.८ अंशांपर्यंत थंड व्हावे लागते. हिवाळ्यात हा बर्फ पसरतो, उन्हाळ्यात ओसरतो आणि सप्टेंबर महिन्यात सर्वांत कमी उरतो. कृत्रिम उपग्रहांनी त्याची अखंड मोजणी सुरू केली त्या काळात, म्हणजे १९८० च्या सुमारास, सप्टेंबरातही सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ शिल्लक राही. २०१२ साली तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर उरला. नाहीशा झालेल्या बर्फाच्या जागी आपल्या महाराष्ट्रासारखी बारा-एक राज्ये सहज मावली असती!

हाच बर्फ एके काळी दर्यावर्दी लोकांचा मोठा वैरी होता. १८७८ साली नॉर्देनशल्ड हा संशोधक ‘वेगा’ नावाचे जहाज घेऊन युरोपातून निघाला. कारा समुद्र ओलांडून, सैबेरियाच्या किनाऱ्याने तो पूर्वेकडे गेला. बेरिंगची सामुद्रधुनी जवळ आली, आता प्रवास पार पडणार असे वाटू लागले, तोच सप्टेंबरच्या अखेरीस जहाज बर्फात रुतले. पुढे जवळजवळ दहा महिने ते तेथेच अडकून पडले. जुलै १८७९ मध्ये बर्फ फुटला तेव्हा कोठे वाट मोकळी झाली. त्याच मार्गाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये वायू वाहून नेणारे एक रशियन जहाज नॉर्वेहून दक्षिण कोरियास अवघ्या एकोणीस दिवसांत पोहोचले. ते स्वतःच बर्फ फोडू शकणाऱ्या बांधणीचे होते. पुढे वाट करून देणारे दुसरे जहाज त्याला लागले नाही.

या वाटेचा मोह का पडतो, हे पाहावयाचे असल्यास शाळेतील पृथ्वीगोल आणि एक दोरा पुरे. जपानमधील योकोहामापासून हॉलंडमधील रॉटरडॅमपर्यंत सुएझ कालव्याने गेल्यास सुमारे २०,७०० किलोमीटर पडतात. सैबेरियाच्या बाजूने सुमारे १३,५००. इंधन वाचते, दिवस वाचतात. परंतु तोच दोरा मुंबईवर ठेवून पाहावा. मुंबईच्या जहाजाला युरोपास जाण्यासाठी सुएझचाच मार्ग जवळचा. उत्तरेकडून जाणे म्हणजे सारा आशिया खंड वळसा घालून जाणे. तेव्हा या नव्या वाटेचा लाभ प्रामुख्याने इतरांचा आहे.

तोटा मात्र सर्वांचा असू शकतो. पांढरा बर्फ सूर्यप्रकाशाचा अर्ध्याहून अधिक भाग परत पाठवतो; काळेभोर पाणी बहुतेक सगळा शोषून घेते. म्हणून बर्फ वितळला की पाणी तापते, आणि पाणी तापले की आणखी बर्फ वितळतो. त्यात जहाजांच्या धुरातील काजळी बर्फावर बसली, म्हणजे तोही काळवंडून लवकर विरघळतो.

गोव्यातील वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात कारा समुद्रावरील बर्फ घटला, की वायव्य युरोपावरील हवेचा दाब बदलतो; त्या बदलाच्या लाटा उंचावरील वाऱ्यांतून आशियाकडे येतात, आणि तापलेल्या अरबी समुद्राची वाफ त्यांना मिळाली म्हणजे मध्य भारतात पावसाळ्याच्या अखेरीस अतिवृष्टी होऊ शकते, असा संबंध त्यांना आढळला. तो संभाव्य आहे, असेच त्यांनी सावधपणे म्हटले. तरी खापरच्या शिवारात ही वार्ता दूरची वाटण्याचे कारण नाही. त्याच दिवसांत लवकर पेरलेल्या कपाशीची बोंडे उमलू लागलेली असतात. दोन दिवसांची झड लागली, तर उमलले बोंड भिजून काळे पडते आणि वर्षाच्या कष्टांचे मोल उतरते. ज्या कारा समुद्रातून परक्यांची जहाजे वाट काढतात, त्याच्याशी या बोंडांचे नाते असेल, असे पूर्वी कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

ते नाते पक्के समजावे म्हणून भारताने ध्रुवाकडे माणसे पाठवली आहेत. स्वालबार बेटांवर २००८ साली ‘हिमाद्री’ हे केंद्र उघडले. २०१४ साली तेथील एका खाडीत पाण्याखाली यंत्रे सोडण्यात आली. वर बर्फ असो वा नसो, खालच्या पाण्याची उष्णता आणि खारटपणा टिपणे हे त्यांचे काम. त्या नोंदी पुढे गोव्याच्या शास्त्रज्ञांच्या हाती येतात.