अडीचशे की पाचशे?

घरातली मोठी वस्तू बिघडली म्हणजे चार माणसे हळहळतात. लहान वस्तूच्या बिघाडाला मात्र कोणाची सहानुभूती नसते. चश्मा शाबूत असतो, पण काडीचा स्क्रू पडलेला. कुकर धडधाकट, पण शिट्टी हरवलेली! "नवीनच घ्या की," एवढे बोलून लोक मोकळे होतात.

यंदा श्रावणात आमच्या पाटणात हे दुःख माझ्या भाच्याच्या वाट्याला आले. दोन उन्हाळे कराडात एका दुकानाचा हिशेब लिहून त्याने एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. पावसाळी हवेत तिच्या आवाजाची खुंटी फिरवली की कढईत भजी सोडल्यासारखी चर्रर्र होऊ लागली. गणपतीत मंडळापुढे वाजवायचे त्याने कबूल केलेले. दाजींना, म्हणजे त्याच्या वडिलांना, ते वाद्य पहिल्यापासून नावडते. त्यांनी निकाल देऊन टाकला, "गणपतीपर्यंत नीट झाली तर ठीक, नाहीतर विकून टाक!"

त्या खुंटीखाली जो भाग असतो त्याला शास्त्रात पोटेन्शियोमीटर म्हणतात. रेडिओवाले त्याला व्हॉल्यूम कंट्रोल म्हणतात आणि पोरे नुसते पॉट. आत नालाच्या आकाराची कार्बनची पट्टी आणि तिच्यावर सरकणारी धातूची जीभ, एवढाच संसार. पट्टीवर धूळ बसली की खरखर येते. ती फवारा मारून जाते. पट्टीच झिजली असेल तर मात्र पॉट बदलावा लागतो. भाच्याच्या फवाऱ्याचा गुण चारच दिवस टिकला.

मग शोध सुरू झाला. कराडच्या एका दुकानातून ५०० किलोओमचा पॉट आला. जुन्यावरही ५०० च लिहिले होते. डाख दिला, तारा जोडल्या आणि नवीच तऱ्हा झाली. खुंटी अर्ध्यावर आणली तरी आवाज फारसा उतरेना, आणि शेवटच्या चिमूटभर फेऱ्यात तो एकदम गडप!

आमच्या शेजारी रेडिओ दुरुस्त करून केस पांढरे झालेले एक काका आहेत. त्यांनी तो पॉट हातात घेतला आणि ते हसले. "आवो, ह्यो बी हाय, म्हंजी लिनियर. आवाजाला लॉग लागतो, एचा." हल्लीच्या बहुतेक पॉटांवर ही अक्षरे असतात.

कोयनाकाठच्या माणसाला यातले मर्म समजायला वेळ लागत नाही. धरणाचे सहा वक्र दरवाजे पहिल्यांदा एक फूट उचलले, की नदी किती चढली ते पाहायला माणसे पुलावर धावतात. पूर आलेला असताना दरवाजे आणखी एक फूट उचलले, तर कोणी मानही वळवत नाही. आपला कान असाच आहे. किती वाढले हे तो मोजत नाही, कितीपट वाढले ते मोजतो. म्हणून लॉगचा पॉट मध्यावर असताना जेमतेम दहावा-सातवा हिस्साच पुढे सोडतो. कानाला मात्र सगळी चढण सारखी लागते.

काकांनी दुसरा प्रश्न टाकला, "पिकअप एका वेटोळ्याचा का दोन?" लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे, हे गिटारचे कान. एका वेटोळ्याचा पिकअप मुळातच तल्लख असतो. त्याला सहसा २५० चा पॉट देतात. दोन वेटोळ्यांचा, ज्याला हंबकर म्हणतात, तो जरा जाड आवाजाचा. त्याला ५०० चा. उलट केले तर पहिला किंचाळतो आणि दुसरा उशीत तोंड खुपसून बोलतो. आमचा हंबकर निघाला. म्हणजे आकडा बरोबर होता, स्वभाव जुळत नव्हता!

आणि एवढ्यावर हे लग्न जमत नाही. दांडीच्या टोकाला बारीक दाते असतात. कुठे १८, कुठे २४. ते जुळले नाहीत तर खुंटी बसत नाही. पॉट बसायचे भोकही कुठे सात मिलिमीटरचे, कुठे साडेनऊचे. भाच्याने सगळी मापे वहीत टिपली, एसटीने पुणे गाठले आणि बुधवार पेठेतली तपकीर गल्ली पालथी घातली. पॉट मिळाला. त्याची किंमत जाण्यायेण्याच्या भाड्यापेक्षा कमी होती.

मला यात नवल वाटत नाही. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिराकडे "एक चांगला तंबोरा द्या" म्हणून चालत नाही. गाणारे कोण, बाई की बुवा, पट्टी कोणती, हे त्याला आधी कळावे लागते. नुसती चांगली अशी वस्तू नसतेच. असते ती कोणाला तरी जुळणारी.

गणपतीच्या पाचव्या रात्री भाचा वाजवायला बसला. मांडवात सगळ्यांत मागे, खांबाला टेकून दाजी उभे होते. भाच्याने बेताने, हळूच सुरुवात केली. थोड्या वेळाने मागून दाजींचा आवाज आला, "अरे, जरा वाढव की! इथं ऐकू येत नाही."

त्याने खुंटी फिरवली. आवाज पायरीपायरीने चढत थेट त्या खांबापर्यंत गेला.