धुक्याच्या नगरींतील सूर्य

गतवर्षीं उन्हाळ्याचे तीन महिने चिरंजिवांकडे सॅन फ्रान्सिस्को येथें राहण्याचा योग आला. या नगरीस तिन्ही बाजूंनीं पाणी आहे. आणि आपल्याकडे आषाढांत मेघ दाटतात तसें येथें ऐन जुलै महिन्यांत पॅसिफिक महासागरावरून धुकें चालून येतें. कधीं कधीं दिवसभर सूर्यदर्शन होत नाहीं. अशा गांवीं माझ्या तेरा वर्षांच्या नातीनें दिवाणखान्यांत उष्ण कटिबंधांतला समुद्र मांडून ठेविला आहे हें पाहून मला मोठें कौतुक वाटलें.

चार फूट लांबीची कांचेची पेटी, तींत मीठ विरघळवून केलेलें खारें पाणी, आणि दगडांवर जिवंत पोवळीं. आपणांस पोवळें ठाऊक असतें तें आंगठींतलें. तें तांबडें पोवळें समुद्राच्या अंधुक भागांत वाढतें. त्यास उजेडाची गरज नसते. हीं पोवळीं निराळ्या जातीचीं. संस्कृतांत प्रवाळास 'विद्रुम' म्हणतात व त्या शब्दांत 'द्रुम' म्हणजे वृक्ष आहे. परंतु हा वृक्ष नव्हे, असंख्य चिमुकल्या प्राण्यांची ती वसाहत होय.

पेटीवर निळसर दिवे टांगलेले होते. त्यांखालीं कांहीं पोवळीं हिरवीं-जांभळीं झळकत. एक फांदी मात्र तपकिरी व मलूल दिसे. नात शाळेच्या सहलीस चार दिवस गेली, तेव्हां ही बिचारी उजेडावांचून कोमेजली आहे असें मीं मनाशीं ठरविलें, आणि कोणास न विचारतां दिव्यांचा जोर दुपटीहून अधिक वाढविला. चौथ्या दिवशीं फांदी पांढरीफटक पडली.

नात परत आली. पेटीकडे पाहून तिचे डोळे भरून आले. पण ती मला एक शब्द बोलली नाहीं. पाण्यांत प्रकाशमापक धरून तिनें आंकडा वाचला. १२० असावयाचा तो ३५० च्या वर गेला होता. कोणीं रागें भरलें असतें तर मी इतका ओशाळलों नसतों.

पुढच्या रविवारीं तिनेंच मला गोल्डन गेट उद्यानांतील कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेंत नेलें. संस्था १८५३ सालची. सध्यांची वास्तु २००८ सालीं उघडली. तिच्या छपरावर टेकड्यांसारखें उंचसखल हिरवें रान वाढविलें आहे. आंत फिलिपाईन्सच्या समुद्रांतील प्रवाळांचा २५ फूट खोल हौद आहे; पाणी सुमारें आठ लाख लिटर! छपराच्या गोल गवाक्षांतून त्यावर ऊन उतरतें, आणि जोडीस दिवे आहेत.

तेथें कांचेपुढें उभी राहून ती म्हणाली, "आजोबा, तपकिरी रंग म्हणजे आजार नव्हे. पोवळ्याच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें, त्याचा तो रंग. तें उजेडावर साखर करतें आणि पोवळ्याचें पोट बहुतांशीं त्यावरच चालतें."

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. समुद्राचें पाणी तांबडा प्रकाश वरच्या वर शोषून घेतें, निळा खोलवर पोंचतो. म्हणून दिवे निळसर. उजेड कमी असला कीं शैवाल दाट होऊन पोवळें तपकिरी दिसतें. तो बेताबेतानें वाढविला तर कित्येक पोवळीं आपल्या रक्षणार्थ रंगीत प्रथिनें निर्माण करितात, आणि आपण ज्यास शोभा म्हणतों ती येते. चुन्याचा सांगाडाही उजेडांत अधिक वेगानें वाढतो; थॉमस गोरो यांनीं तें १९५९ सालीं दाखवून दिलें. परंतु उजेड एकाएकीं फार वाढला तर शैवालाचें कार्य बिघडून त्यापासून घातक द्रव्यें निपजतात, आणि पोवळें आपल्या अन्नदात्यासच बाहेर टाकतें. मग पारदर्शक देहांतून पांढरा सांगाडा दिसतो. म्हणजे मीं दिलेल्या उजेडानें तें उपाशी पडलें होतें!

घरीं तिनें दिवे पहिल्याहूनही मंद केले, दिवसाचे नऊ तास नेमिले, व आठवड्यागणिक उजेड किंचित् वाढविला. सातव्या आठवड्यांत फांदीच्या बुडाशीं तपकिरी छटा परतली. शेंडा मात्र मेला तो मेलाच.

अडतीस वर्षें मीं मुलांस शिकविलें. जो मुलगा मंद दिसे त्यास मी दुप्पट पाठांतर देत असें. त्यांतले कांहीं चेहरे त्या रात्रीं आठवले.

आणखी एक आठवलें. एकदां मुलांची सहल मालवणास नेली असतां सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यांत तपकिरी पोवळीं पाहून, "हे नुसते मळकट दगड," असें मीं सांगितलें होतें. आपल्याकडे या पोवळ्यांस कायद्याचें संरक्षण आहे. तीं घरीं आणतां येत नाहींत. आणावयाचें कारणही नाहीं. तेथें सूर्य फुकट आहे. येत्या दिवाळींत नात येणार आहे. ओहोटीची वेळ पाहून तिला मालवणास न्यावें, आणि या खेपेस तिनें सांगावें व मीं ऐकावें, असा बेत आहे.