बहुरूपी लिबरेटरराव

या गृहस्थांची ओळख करून द्यायची, तर पहिली अडचण नावाचीच. अमेरिकेत त्यांना 'विचक्राफ्ट' म्हणून ओळखणारे पुष्कळ भेटतील. त्याआधी ते 'ड्रॅगन अँड हिज टेल' होते, आणि त्याच्याही आधी 'ऑल अमेरिकन'. दप्तरी नोंद मात्र एकच: बी-24जे लिबरेटर बॉम्बर, क्रमांक 44-44052, जन्म ऑगस्ट 1944, फोर्ट वर्थ, टेक्सास. आपण सोयीसाठी लिबरेटरराव म्हणू.

रूप यथातथाच. 110 फूट लांब, सडसडीत पंख आणि त्यांच्याखाली लोंबणारं चौकोनी पोट. त्याच काळातलं बी-17 हे बॉम्बर देखणं, त्यामुळे फोटो सगळे त्याचे. त्यावरची मंडळी म्हणायची, आमचं विमान ज्या खोक्यातून आलं ते खोकं म्हणजे लिबरेटर. लिबरेटररावांच्या घराण्याने याला उत्तर तोंडाने दिलं नाही. बी-17 पावणेतेरा हजारांच्या आत राहिली, लिबरेटर अठरा हजारांहून अधिक झाली. पल्ला लांबचा आणि ओझं जास्त असेल, तर हाक यांनाच यायची.

स्वभाव हट्टी. चाक वळवलं की लगेच वळतील असं नाही. आधी विचार करतील. तासन्‌तास त्यांच्याशी झोंबून वैमानिकाचा डावा दंड भरतो, अशी ख्याती होती. पोटातली दारं बाहेर न उघडता दुकानाच्या शटरसारखी कुशीवर वर सरकतात. आत बॉम्बच्या रांगांमधून जायला वीतभर रुंदीची पट्टी. पेट्रोलचा वास कायमचा, म्हणून ती दारं थोडी किलकिली ठेवून उडणारेही होते. अशा घरात दहा माणसं आठ-आठ, दहा-दहा तास राहायची. लिबरेटररावांना पाहुणचाराचं अंग नव्हतंच.

नोकरी लागली ब्रिटिशांकडे. ऑक्टोबर 1944 मध्ये ते रॉयल एअर फोर्समध्ये गेले, पूर्वेकडच्या लढाईत राबले आणि युद्ध संपताच कानपूरला येऊन पडले. इथे त्यांच्यावर प्रसंग गुदरला. अमेरिकेने ही विमानं युद्धापुरती उसनी दिली होती. लढाई संपल्यावर ती परत करायची, विकत घ्यायची, नाहीतर मोडून टाकायची, असा करार. ब्रिटिशांनी तिसरा मार्ग धरला आणि तोही कंजूषपणे. कुणाच्या अंगावर ट्रक घातला, कुणाच्या इंजिनात वाळू ओतली, कुणाच्या पत्र्याला भोकं पाडली. मग सगळा कळप तसाच टाकून ते निघून गेले.

1948 मध्ये नव्या भारताला बॉम्बर हवे होते आणि तिजोरीत खडखडाट होता. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसं कानपूरला गेली. याचं चाक त्याला, त्याचं इंजिन याला, असं करत त्यांनी चाळीसच्या आसपास लिबरेटर उभी केली. ही ठिगळं लावलेली विमानं कानपूरहून बंगळूरला उडवत न्यायचं काम टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी केलं. वाळू खाल्लेल्या इंजिनांवर भरवसा ठेवणाऱ्या या पारशी गृहस्थाचा पुतळा कुठे असेल, तर तो मी पाहिलेला नाही. लिबरेटर घराण्यालाही त्याचं विशेष काही वाटलेलं दिसत नाही. उपकार विसरण्यात ही मंडळी पक्की.

त्यानंतर भारतीय हवाई दलात वीस वर्षांची नोकरी. 1951 मध्ये सहाव्या स्क्वॉड्रनची पुण्यात नव्याने उभारणी झाली आणि भाऊबंदांपैकी काहींना समुद्रावर नजर ठेवण्याचं काम मिळालं. काम समुद्राचं आणि बिऱ्हाड पुण्यात! पुण्याला समुद्र नाही याची खंत ना पुणेकरांना होती, ना लिबरेटरांना. सकाळी सह्याद्री ओलांडायचा, अरबी समुद्रावर घिरट्या घालायच्या आणि परत घाटावर यायचं. इतर देशांनी लिबरेटर केव्हाच भंगारात काढली होती. आपल्याकडची 1968 अखेर निवृत्त झाली.

निवृत्तीनंतर तेरा वर्षं लिबरेटरराव भारतातच उन्हापावसात पडून होते. 1981 मध्ये डग अर्नोल्ड नावाच्या इंग्रज संग्राहकाने त्यांना विकत घेतलं. सुटे भाग करून, दुसऱ्या विमानाच्या पोटात बसून ते इंग्लंडला गेले. आयुष्यभर ओझं वाहिलं, आता स्वतःच ओझं झाले. 1984 मध्ये बॉब कॉलिंग्ज या अमेरिकन उद्योजकाने त्यांना घेतलं आणि जहाजाने बोस्टनला नेलं. बेत फक्त प्रदर्शनात ठेवण्याचा होता. पण लिबरेटरवर लढलेले म्हातारे हटून बसले: उभं नको, उडतं पाहिजे. फ्लोरिडात कारागिरांनी एकेक रिव्हेट उपटून पुन्हा मारला आणि 1989 मध्ये स्वारी हवेत गेली.

इथून लिबरेटररावांना बहुरूप्याचा नाद लागला. आधी इटलीतून लढलेल्या एका लिबरेटरचा वेश घेतला. मग पॅसिफिकमधल्या दुसऱ्याचा, नाकापासून शेपटीपर्यंत ड्रॅगन रंगवलेला. 2005 मध्ये तिसरा: इंग्लंडहून 130 मोहिमा करणाऱ्या 'विचक्राफ्ट'चा. नातवंडांसह आलेले म्हातारे पंखाखाली उभे राहून रडायचे आणि हे गृहस्थ दुसऱ्याच्या पराक्रमाचा मान मुकाट्याने घ्यायचे. अमेरिकन म्हाताऱ्यांना आपलं विमान पाहायचं होतं, ते त्यांना दिसलं. त्यात गैर काही नाही. तरी मला राहून राहून वाटतं, एक वर्ष तरी भारताचा तिरंगी गोल लावून फिरायचं होतं. लढाईत गेले जेमतेम महिने, भारतात गेली दशकं.

2019 मध्ये कॉलिंग्ज यांच्याच संस्थेचं बी-17 कनेक्टिकटमध्ये कोसळलं, सात जण दगावले. प्रवासी घेऊन हिंडण्याचा तिचा कारभार त्यानंतर थांबला, त्यात लिबरेटररावही आले.

वेश बदलण्याचा दोष एकट्या लिबरेटररावांचा नाही, घराण्याचीच ती रीत. भारताने 1974 मध्ये ब्रिटनला भेट दिलेलं लिबरेटर लंडनच्या संग्रहालयात पुन्हा ब्रिटिश रंगात साहेब होऊन बसलं. ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयातलं, हेही भारताचीच भेट, 'बंगे बकारू' या अमेरिकन नावाने मिरवतं. दिल्लीत पालमला एक चुलतभाऊ आहे. त्याच्या नाकावर ना चित्र, ना टोपणनाव. अंगावर एचई 924 हा हवाई दलाने दिलेला आकडा. परदेशच्या नातलगांचा विषय काढलात, तर तो ओळख दाखवेल असं वाटत नाही.