एकटा जीव दर्यापार!

बॉसचे मेल, ट्रॅफिक, ईएमआय... ‘सगळं सोडून कुठेतरी लांब निघून जावं यार,’ असं महिन्यातून एकदा तरी वाटतंच ना? मग त्या ‘लांब’ची व्याख्या जरा ताणून बघा. एक छोटी शिडाची बोट, तिच्यावर फक्त तुम्ही आणि पृथ्वीला अख्खी फेरी. तीही एकाही बंदरात न थांबता.

असं खरंच कुणी करतं? करतं. आणि या वेडाचा पत्ता लांबचा नाही, आपल्या मुंबई-गोव्याचाच आहे.

मेड इन बॉम्बे
१९६८ मध्ये ब्रिटनच्या ‘संडे टाइम्स’ने शर्यत जाहीर केली : एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा. नऊ जण निघाले, पूर्ण केली फक्त एकाने. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ ला फालमथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. त्याची ‘सुहैली’ जेमतेम ३२ फुटांची, म्हणजे बेस्टच्या बसपेक्षाही छोटी. सागवानी लाकडाची ही बोट मुंबईच्या कारागिरांनी बांधली होती!

दिवाडीची लेक
भारतीय माणसाला हे जमायला मात्र पुढची चाळीस वर्षं गेली. निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी ध्यास घेतला आणि नौदलाचा ‘सागर परिक्रमा’ प्रकल्प उभा राहिला. बोट कुठे बांधली? तर गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या बोटयार्डात. ५६ फुटी ‘म्हादेई’ २००९ मध्ये नौदलाकडे आली. त्याच ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिला घेऊन मुंबईहून निघाले, वाटेत चार बंदरं घेत मे २०१० मध्ये परतले. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय! मग लेफ्टनंट कमांडर अभिलाष टॉमी त्याच बोटीवर १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला मुंबईला पोहोचले.

सुट्टी? विसरा!
‘वा, पाच महिने निवांत!’ असं वाटत असेल, तर सॉरी. बोटीवर कॅप्टन तुम्ही, स्वयंपाकी तुम्ही, प्लंबर तुम्ही आणि फाटलेलं शीड शिवणारा शिंपीही तुम्हीच. झोप मिळते ती तुकड्या-तुकड्यांत. तेवढ्यात सुकाणू यंत्राच्या भरवशावर. दक्षिण महासागरात वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, त्यामुळे लाटा इमारतींसारख्या उठतात. तिथे ‘उद्या बघू’ हा फंडा चालत नाही. सैल राहिलेला एक नट रात्री तीन वाजता तुमचा हिशेब मागतो.

एकटा, पण एकाकी नाही
२०१८ मध्ये जुनी शर्यत ‘गोल्डन ग्लोब’ नावाने पुन्हा झाली. नियम १९६८ चे : जीपीएस नाही, कागदी नकाशे आणि सेक्स्टंट. अभिलाष यांची ‘थुरिया’ ही ‘सुहैली’ची प्रतिकृती, तीही गोव्यातच बांधलेली. २१ सप्टेंबरला हिंदी महासागरात वादळाने तिची डोलकाठी मोडली, अभिलाष यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. हलता येईना. सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे प्रतिस्पर्धी, आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन. त्याचीही डोलकाठी तुटली होती. तरी मोडकी बोट घेऊन तो अभिलाष यांच्या दिशेने निघाला. आपल्या नौदलाचं विमान वरून शोध घेत होतं. अखेर २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने अभिलाष यांना उचललं.

पाठीत टायटॅनियमच्या सळ्या बसवल्यावर कुणीही घरी बसलं असतं. हा गडी २०२२ मध्ये पुन्हा उतरला आणि २९ एप्रिल २०२३ ला दुसरा आला. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. तिने तर शर्यत बाजूला ठेवून बोट बुडालेल्या प्रतिस्पर्ध्याला वाचवलं होतं, आणि तरी जिंकली!

म्हणजे बघा, जगातल्या सगळ्यात एकट्या खेळातही माणसं लागतातच. बोट बांधणारी, आणि वेळ आली की स्वतःची वाट सोडून वळणारी. त्यामुळे ‘सगळ्यांना सोडून’ वगैरे जरा जपूनच म्हणा!

पुढच्या गोवा ट्रिपला बागा-कलंगुटमधून अर्धा दिवस काढा. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीला जा. वाटेत जी मांडवी लागते, तिचंच वरच्या अंगाचं नाव म्हादई. त्याच नावाची बोट याच पाण्यातून समुद्राकडे गेली आणि दोनदा पृथ्वीला वळसा घालून आली.