राहून गेलेला गड

परदेशप्रवास ही आता पूर्वीसारखी नवलाची गोष्ट राहिलेली नाही. गावोगावची मुले-मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी सातासमुद्रापार गेली, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे आईवडीलही साठी-सत्तरीत प्रथमच विमानात बसू लागले. सांगलीजवळच्या एका गावातील माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे एक शिक्षक आणि त्यांच्या पत्नी असेच गेल्या जूनमध्ये ब्रिटनला जाऊन आले. गावात सर्वजण त्यांना गुरुजी आणि काकू म्हणूनच ओळखतात. त्यांची मुलगी ब्रिस्टल शहरात नोकरी करते.

प्रवासाचा खर्च मुलीने करावा हे गुरुजींना पटत नव्हते आणि निवृत्तिवेतनात तो बसत नव्हता. तेव्हा काकूंनी कपाटातून आपले पासबुक काढून त्यांच्यापुढे ठेवले. शिवणकामाच्या पैशांतून त्यांनी वर्षानुवर्षे आवर्ती ठेव भरली होती. ती मुलीच्या लग्नासाठी होती. पण मुलीने लग्न अगदी साधेपणाने केले आणि रक्कम तशीच राहिली.

"आयुष्यभर मुलांना रोमन आणि इंग्रज शिकवलेत," काकू म्हणाल्या. "एकदा डोळ्यांनी पाहून या."

"आई, 'पाहून या' नाही, तूही यायचे आहेस," मुलीने फोनवरून बजावले, तेव्हा कुठे दुसरे तिकीट निघाले.

गुरुजींनी दोनशे पानी वही घातली. तीत स्थळे, सनावळ्या, अंतरे आणि प्रत्येक ठिकाणी लागणारा वेळ यांची टिपणे केली. काकूंनी भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. आपापल्या परीने दोघांचीही तयारी पूर्ण झाली.

पहिले ठिकाण बाथ. ब्रिस्टलहून आगगाडीने हे शहर अगदी जवळ आहे. तेथे जमिनीतून सुमारे ४६ अंश सेल्सियस तापमानाचे पाणी अखंड वर येते. दिवसाला अकरा लाख लिटरांहून अधिक. रोमनांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात या झऱ्यावर स्नानगृहे आणि मंदिर उभारले. स्थानिक लोकांची सुलिस आणि रोमनांची मिनर्व्हा या दोन देवता तेथे एकरूप झाल्या. गुरुजी कमानी आणि खांब पाहण्यात गढून गेले होते. काकू मात्र एका काचेच्या पेटीपाशी थांबल्या. झऱ्यातून सापडलेले शिशाचे पातळ पत्रे तेथे मांडलेले आहेत. असे सुमारे १३० पत्रे मिळाले आहेत. त्यांवर लोकांनी देवीकडे गाऱ्हाणी कोरली होती, आणि त्यांतील पुष्कळ गाऱ्हाणी चोरीची आहेत. एकाचे स्नानवस्त्र आणि झगा चोरीला गेला होता. चोराला झोप लाभू नये आणि आरोग्यही लाभू नये, असे त्याने देवीला विनवले होते.

"नदीवर धुणे चोरीला गेले की आमच्याकडच्या बायका हेच म्हणायच्या," काकू हसून म्हणाल्या. दोन हजार वर्षांचे अंतर त्या एका वाक्यात पार झाले. गुरुजींनी ते ऐकले, पण वहीत झऱ्याचे तापमानच टिपले.

दोन दिवसांनी मुलीने मोटारीने स्टोनहेंजला नेले. विल्टशरच्या उघड्या माळावर उभे असलेले हे शिलावर्तुळ. त्याभोवतीचा चर सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी खणलेला, आणि प्रचंड शिळा त्यानंतर काही शतकांनी उभारलेल्या. मोठ्या शिळांचे सरासरी वजन २५ टनांच्या आसपास आहे. लहान निळसर शिळा वेल्समधील प्रेसेली टेकड्यांतून, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरवरून आणल्या. मध्यभागी असलेली एक शिळा तर थेट स्कॉटलंडच्या ईशान्य भागातील आहे, असे २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. चाकाचा वापर त्या भूमीत पोहोचण्यापूर्वीची ही कामगिरी होय! उन्हाळी संक्रांतीचा सूर्योदय आणि हिवाळी संक्रांतीचा सूर्यास्त या दोहोंच्या रेषेत ही सारी रचना बसवलेली आहे.

गुरुजींनी आणखी एक हकिगत सांगितली. १९१५ साली स्टोनहेंज चक्क लिलावात निघाले होते. सेसिल चब नावाच्या वकिलाने ते ६,६०० पौंडांना विकत घेतले आणि १९१८ मध्ये राष्ट्राला दान दिले. तो लिलावात गेला होता खुर्च्या आणायला, आणि घेऊन आला स्टोनहेंज, अशी आख्यायिका आहे.

"मग बायको काय म्हणाली?" काकूंनी विचारले.

"फारशी खूश झाली नाही, असे म्हणतात."

"होणार कशी? तिला खुर्च्या हव्या होत्या. पण ते कोणी विचारले असेल का?"

मुलगी खळखळून हसली. गुरुजीही हसले आणि पुढच्या फलकाकडे वळले.

जूनमधला दिवस तिकडे फार मोठा. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असल्याने काकूंना संध्याकाळच्या जेवणाची घाई करावी लागत नसे. या एका गोष्टीवर त्या बेहद्द खूश होत्या.

दुसऱ्या आठवड्यात तिघेही उत्तरेकडे निघाली. मुक्काम चेस्टरला झाला. रोमनांच्या छावणीतून वाढलेले हे शहर. त्याभोवतीचा सुमारे तीन किलोमीटरचा तट आजही जवळपास अखंड आहे आणि त्यावरून लोक संध्याकाळी फिरायला जातात. काकू तटाखालच्या दुमजली लाकडी दुकानांच्या ओळीतून हळूहळू चालल्या. गुरुजींनी तटावरून पूर्ण फेरी मारली.

दुसऱ्या दिवशी वेल्समधील कॉन्वी. या किल्ल्यासाठी गुरुजींनी वहीत चार पाने राखून ठेवली होती. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्स जिंकल्यावर १२८३ ते १२८७ या काळात तो बांधला. आठ भक्कम बुरूज, समुद्राकडे उघडणारी वाट आणि गावाभोवती २१ बुरुजांचा सव्वा किलोमीटरहून लांब तट. किल्ला आणि तट मिळून खर्च सुमारे १५,००० पौंड झाला. त्या काळी ही रक्कम अफाट होती. ज्या जागेवर गाव वसवले, तेथे आधी साधूंचा मठ होता आणि वेल्सचा थोर राजा लिवेलिन याची समाधीही तेथेच होती. एडवर्डने तो मठ उचलून दूर मेनन येथे हलवला आणि तटाच्या आत इंग्रजांची वसाहत केली. आज त्याच किल्ल्याचे जतन वेल्सचे लोक करतात, आणि जेत्याचा हा सारा इतिहास वेल्श व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतील फलकांवर वाचायला मिळतो.

बुरुजात वर जाणारा जिना गोल, अरुंद आणि उंच पायऱ्यांचा. काकूंचे गुडघे ते मानणार नव्हते. "तुम्ही जाऊन या, मी येथे बसते," असे म्हणून त्या छप्पर नसलेल्या दिवाणखान्याजवळच्या बाकावर बसल्या. गुरुजी मुलीबरोबर वर गेले. एका बाजूला खाडी, तिच्यावर टेलफर्डने १८२६ मध्ये बांधलेला झुलता पूल, दुसऱ्या बाजूला निळे डोंगर, पायाशी तटाने वेढलेले गाव. गुरुजींचा ऊर भरून आला.

ते खाली आले तेव्हा काकूंनी डबा उघडला होता. दशमी आणि चटणी त्यांच्या हातावर ठेवत त्यांनी सहज विचारले, "रायगडही एवढाच उंच आहे का हो? ती हिरकणी रात्री कडा उतरली, तो कडा केवढा असेल?"

"अगं, रायगड याहून कितीतरी... तू पाहिलास ना..." असे म्हणता म्हणता गुरुजी थांबले.

काकूंनी रायगड पाहिला नव्हता. पन्हाळा, प्रतापगड, यांपैकी काहीच पाहिले नव्हते. गुरुजींनी नोकरीत सलग २८ वर्षे शाळेची सहल गडांवर नेली. प्रत्येक सहलीच्या पहाटे काकू तीन वाजता उठत आणि ज्या मुलांना घरून डबा मिळणार नाही त्यांच्याही दशम्या भाजून देत. गाडीत एक जागा त्यांच्यासाठी ठेवावी, हे कधी कोणाला सुचले नव्हते. गुरुजींनाही नाही.

"तू कधी म्हणाली नाहीस," ते बऱ्याच वेळाने म्हणाले.

"तुम्ही परत आलात की मी विचारायची, कसा होता गड? तुम्ही म्हणायचा, नेहमीसारखाच." काकूंच्या आवाजात रोष नव्हता. "नेहमीसारखा म्हणजे कसा, तेवढेच मला ठाऊक नव्हते."

मुलगी दूर जाऊन खाडीकडे पाहत उभी राहिली. गुरुजींच्या हातातली दशमी तशीच राहिली. तीस वर्षे वर्गात इतिहास शिकवताना ते मुलांना सांगत असत की, इतिहासात ज्यांची नोंद झाली नाही त्यांचा विचार करा. दगड कोणी वाहिले ते विचारा. तो प्रश्न त्यांनी आपल्या घरात विचारला नव्हता.

वहीप्रमाणे दुसऱ्या दिवशी कारनारव्हनचा किल्ला पाहायचा होता. गुरुजींनी ते पान दुमडले. तो दिवस त्यांनी कॉन्वीच्या बंदरावर काकूंबरोबर घालवला. ब्रिटनमधील सर्वांत लहान घर तेथे आहे. रुंदी अवघी सहा फूट. काकूंनी ते बाहेरून निरखून पाहिले आणि चूल कोठे असेल यावर मुलीशी चर्चा केली. मग धक्क्यावर बसून गुरुजींनी त्यांना रायगड सांगितला: महादरवाजा, बाजारपेठ, १६७४ चा राज्याभिषेक, जगदीश्वराचे मंदिर. वर्गात सांगत तसा नव्हे. काकू मध्येच थांबवून विचारत, पाणी कोठून यायचे, एवढ्या माणसांचे जेवण कोठे शिजायचे. आणि गंगासागर तलाव आणि धान्यकोठारे यांच्याविषयी सांगताना गुरुजींना जाणवले की, असे नेमके प्रश्न २८ सहलींत एकाही मुलाने विचारले नव्हते.

परत आल्यावर गावात सत्कार झाला. शाळेत गुरुजींनी स्टोनहेंजची आणि बाथची छायाचित्रे दाखवली. लोकांनी सर्वांत काय आवडले असे विचारले, तेव्हा त्यांनी काकूंकडे पाहिले आणि म्हणाले, "ते सांगायला अजून एक गड पाहायचा राहिला आहे."

पावसाळा सरल्यावर दोघे रायगडला गेली. गुडघ्यांमुळे पायऱ्यांचा विचार सोडून हिरकणीवाडीतून रोपवेने वर गेली. पाळणा कड्यालगत चढू लागला तेव्हा काकूंनी खाली पाहिले, गुरुजींचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

त्या दिवशी डबा गुरुजींनी बांधला होता. दशम्या थोड्या करपल्या होत्या.