रात्र जागणारं माणूस

सिगारेटच्या पाकिटातली चांदी पसरायची, त्यावर ब्राऊन शुगरची चिमूट ठेवायची आणि खालून काडी ओढायची. वितळलेला थेंब पन्नीवरून पळतो आणि त्याचा धूर तोंडातल्या नळीनं पकडायचा. याला ‘चेस करणं’ म्हणतात. ऐंशीच्या दशकात ही पद्धत मुंबईच्या गल्ल्यांमध्ये पसरली. शब्द मात्र हाँगकाँगचा. तिथं धुराची वळणारी रेघ म्हणजे ड्रॅगनची शेपटी, आणि तिचा पाठलाग म्हणजे ‘चेसिंग द ड्रॅगन’.

जॅकी पुलिंजर या इंग्लिश बाईच्या १९८० साली आलेल्या पुस्तकाचं नावही हेच आहे. मी ते वाचलं ते माझ्या मावसभावामुळे. दादा दोन ठिकाणी उपचार घेऊन, दोन्हीकडून परत येऊन, शेवटी एका वस्तीतल्या दोन खोल्यांच्या ख्रिस्ती केंद्रात दाखल झाला होता. घरात गणपती बसवणारे आम्ही. मावशीनं मला पहिला प्रश्न विचारला तो त्याच्या तब्येतीचा नव्हता. “ते त्याला बाटवतील का गं?” असं तिनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी अशी केंद्रं सुरू कशी होतात ते शोधायला लागले.

पुलिंजर १९६६ साली बोटीनं हाँगकाँगला उतरली. वय बावीस. लंडनच्या रॉयल कॉलेजमध्ये ओबो वाजवायला शिकलेली. व्यसनमुक्तीचं शिक्षण काहीच नाही. तिला शिकवण्याचं काम मिळालं ते काउलूनच्या वॉल्ड सिटीत. हा मूळचा चिनी किल्ला. १८९८ साली ब्रिटिशांनी आसपासचा मुलूख भाडेपट्ट्यानं घेतला, पण किल्ला करारातून वगळला गेला. पुढे चिनी अधिकारी तिथून हाकलले गेले आणि ब्रिटिशांनीही कारभार धड हातात घेतला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासितांनी तिथं वस्ती केली. जेमतेम साडेसहा एकर जागेत शेवटी तेहतीस हजारांच्या आसपास माणसं राहत होती. इमारती एकमेकींना खेटून इतक्या उंच गेल्या की खालच्या गल्लीत दिवसाही दिवा लागे. अफूचे आणि हेरॉइनचे अड्डे चालवायला ट्रायड म्हणजे तिथल्या टोळ्या होत्या.

तिथं तिनं केंद्र काढलं नाही. मुलांसाठी एक खोली घेतली, त्यात टेबल टेनिस ठेवलं, रात्री उशिरापर्यंत दार उघडं ठेवलं. वस्ती तिला ‘मिस पून’ म्हणायला लागली. एकदा कुणीतरी खोलीची नासधूस केली, भिंतींना घाण फासली. ती साफ करून तिनं पुन्हा दार उघडलं. त्यानंतर टोळीच्या म्होरक्यानंच आपला एक माणूस दारावर राखणीला बसवला, असं ती लिहिते.

व्यसनी मुलं तिच्याबरोबर प्रार्थना करायची, रडायची, शपथा घ्यायची. पण खोलीतून बाहेर पडलं की तीच गल्ली, तेच मित्र, तोच धूर. मग काही सहकाऱ्यांबरोबर तिनं वस्तीबाहेर फ्लॅट घेतले आणि मुलांना तिथं राहायला नेलं. अशा घरांची संख्या वाढत गेली आणि १९८१ साली ‘सेंट स्टीफन्स सोसायटी’ ही संस्था झाली. म्हणजे बोट धक्क्याला लागल्यापासून संस्थेची नोंद होईपर्यंत पंधरा वर्षं गेली. फलक आधी आणि माणसं नंतर, हा क्रम इथं उलटा होता.

त्या घरांत नव्या मुलाला पहिले दहा दिवस क्षणभरही एकटं सोडत नसत. पाळीपाळीनं कुणीतरी चोवीस तास सोबत असायचं, बहुतेकदा स्वतः हेरॉइन सोडलेला एखादा पोरगा. औषध नाही, फक्त प्रार्थना. प्रार्थनेमुळे मुलं वेदनेशिवाय सुटली असं ती सांगते. हे वाचताना मी अडखळते. हेरॉइनचा शेवटचा दम ओसरला की आठ-बारा तासांत अंग मोडायला लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, थंडी, पायांना गोळे. साधारण आठवड्यात शरीराचा भर ओसरतो. हेरॉइन सोडताना सहसा जीव जात नाही, पण अंगातलं पाणी कमी झालं तर तोही धोका असतो. दारूचं तर उलटंच. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरशिवाय एकदम तोडली तर फिट्स येऊन माणूस दगावू शकतो. आणि कुणीही बरा होऊन महिनाभरानं जुन्याच मापानं हेरॉइन घेतलं, तर तेच माप जीव घेतं, कारण शरीराची सवय गेलेली असते. हाँगकाँगच्या सरकारनं सत्तरच्या दशकात मेथाडोन देणारे दवाखाने उघडले ते उगाच नाही. ‘आमच्याकडे देव आहे, डॉक्टर कशाला’ म्हणणाऱ्या केंद्रात मी माझं माणूस ठेवणार नाही.

पण दादानं मला त्याच्या पाचव्या रात्रीची गोष्ट सांगितली. त्याच्या सोबतीला एक माणूस होता, अकरा वर्षं पन्नी ओढलेला. सगळे त्याला भाई म्हणत. दादाचे पाय गादीवर आपटत होते आणि भाई तेल चोळत होता. मधेच त्यानं विचारलं, “प्रार्थना करू या?” दादा खेकसला, “मला नाही करायची तुझी प्रार्थना.” भाई म्हणाला, “बरं. पेज पिशील?” आणि उठून पेज गरम करायला गेला.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मला या पेजेत सापडलं. तिची भीती वेडगळ नव्हती. तडफडणारा माणूस काहीही कबूल करतो. अशा वेळी घेतलेला होकार हा होकार नसतो. म्हणून केंद्र ख्रिस्ती आहे का, यापेक्षा तिथं ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं, हे विचारायला हवं. दादा आधी ज्या एका ठिकाणी होता तिथं देवाचं नाव कुणी काढत नसे. पण घरी फोन करायचा म्हटलं की खोलीला कडी लागायची.

रात्र जागणारं माणूस ही काही एका धर्माची मक्तेदारी नाही. सेंट स्टीफन्सची नोंद झाली त्याच १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. फादर हे बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यांनी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. त्या पायऱ्यांतही देव आहे, पण ज्याला जसा समजेल तसा. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभं केलं, ते कोणत्याही धर्माचं नाही. तिथंही बरे झालेले मित्रच पुढे नव्यांचा हात धरतात. तिन्ही ठिकाणी समान काय, तर जो बुडून वर आला तो दुसऱ्याजवळ बसतो.

दादा चार महिन्यांनी घसरला. मावशी म्हणाली, “संपलं.” भाई स्वतः येऊन त्याला घेऊन गेला. कुणी ‘प्रार्थना केली नाहीस म्हणून झालं’ असं ऐकवलं नाही. आता दोन वर्षं झाली. रविवारी कधी तो चर्चमध्ये जातो, कधी झोपून राहतो. मावशीनं विचारणं सोडलं आहे. भाईला मात्र ती गणपतीत मोदक पाठवते.

एखाद्या गरीब वस्तीत असं काही सुरू करायचं म्हटलं की लोक आधी जागा, देणगी आणि परवानगी यांचा हिशोब मांडतात. तो हवाच. आपल्याकडच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात आणि दाखल माणसाला घरच्यांना भेटण्याचा, फोन करण्याचा हक्क आहे. जवळचा डॉक्टर कोण, हेही आधी ठरलेलं हवं. पण मी अजून तीन गोष्टी विचारेन. पाचव्या रात्री जागं कोण राहणार? त्यानं प्रार्थना नाकारली तर पेज मिळणार का? आणि तो घसरून परत आला तर दार उघडणार का?

वॉल्ड सिटी १९९३-९४ मध्ये पाडली गेली. तिच्या जागी आता बाग आहे. पुलिंजरचं काम तिच्या भिंतींबरोबर गेलं नाही, कारण ते भिंतींत कधी नव्हतंच.